परमुलखातली कंपनी : रायगडापासून गार्चिंगपर्यंत



गार्चिंग, उंटरश्लाइसहाइम, इस्मानिंग या पट्ट्यातली मराठी घरं गणपतीत किंवा कोजागिरीला एकत्र आली, की जेवणानंतर एक प्रश्न हमखास निघतो. विचारणारा बहुतेक वेळा माझ्याच धंद्यातला, म्हणजे आयटीतला असतो. पुण्यात किंवा नाशकात त्याची एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड असते. भाऊ, मेव्हणा किंवा कॉलेजचा मित्र तिथं डायरेक्टर असतो आणि चार-पाच मुलं कामाला असतात. इकडे म्युनिकमध्ये एखादं गिऱ्हाईक मिळतं. मग तो विचारतो, "आपली कंपनी आहेच की! तिच्याच नावानं इथं काम घेतलं, तर परत नवी कशाला काढायची?"

त्याचं नेमकं उत्तर तुमचा श्टॉयरबेराटर आणि वकील देतील आणि त्याचे पैसेही घेतील. मी आज त्या प्रश्नाच्या मागचा इतिहास सांगणार आहे. हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही आणि आपल्या लोकांनी तो टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून सोडवला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. माणूस सीमा ओलांडतो तेव्हा देह घेऊनच ओलांडतो. पासपोर्ट हरवला तरी तो माणूस असतोच. कंपनीचं तसं नाही. कंपनी म्हणजे एका मुलखाच्या कायद्यानं तयार केलेली व्यक्ती. तिला हात, पाय, चेहरा काही नाही. तो कायदा जिथं संपतो तिथं ती व्यक्ती आहे की नाही, हे पलीकडच्या मुलखानं ठरवायचं. पलीकडचा अधिकारी साधारण तीन गोष्टी विचारतो. तू खरंच आहेस याचा पुरावा काय? इथं तुझ्या वतीनं बोलणारा कोण? आणि तू पैसे बुडवलेस तर मी कोणाला धरू? एमबीएच्या वर्गात आम्हाला मार्केट एन्ट्रीची मोठमोठी मॉडेल्स शिकवली होती. त्यांचा गाभा या तीन प्रश्नांपेक्षा फार वेगळा नव्हता.

आता रायगडावर जाऊ.

इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनमध्ये राणीच्या सनदेनं जन्माला आली. लंडनमध्ये ती कायदेशीर व्यक्ती होती, पण सुरतेत तिला कोणी ओळखत नव्हतं. तिथं वखार घालायला तिनं मोगलांकडून परवानगी मिळवली, ती १६१३ साली. मुंबई बेट तिला १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाकडून वर्षाला १० पौंड भाड्यानं मिळालं. पण मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे दिसणारा मुलूख इंग्लंडच्या राजाचा नव्हता आणि बऱ्याच भागात मोगलांचाही राहिला नव्हता. तो स्वराज्यात आला होता. कल्याणचं धान्य आणि लाकूड, राजापूरचा माल, घाटावरून उतरणारं कापड यांच्याशिवाय मुंबईचा व्यापार चालणार नव्हता.

शिवाय एक जुनं दुखणं होतं. राजापूरला कंपनीची वखार होती. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरचा मुख्य अधिकारी हेन्री रेव्हिंग्टन वेढ्याच्या बाजूनं तोफगोळे घेऊन गेला आणि गडावर मारा करताना त्यानं इंग्रजांचं निशाण लावलं. व्यापाराला म्हणून आलेली संस्था लढाईत एका बाजूला उभी राहिली. पुढच्याच वर्षी मराठ्यांनी राजापूरची वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह काही इंग्रजांना कैदेत टाकलं. ते सुटले १६६३ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षं कंपनीचे अधिकारी नुकसानभरपाई मागत राहिले आणि मराठ्यांकडून त्यांना कधी गोड शब्द, कधी आश्वासनं मिळत राहिली.

मे १६७४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर यानं हेन्री ऑक्झेंडन याला वकील म्हणून रायगडाकडे पाठवलं. आपण शाळेत ऑक्झेंडनला राज्याभिषेकाचा साक्षीदार म्हणून भेटतो. सिंहासन, सोन्याचे मासे, तराजू, हत्ती ही सगळी वर्णनं त्याच्या नोंदींतून आलेली आहेत. पण तो समारंभ बघायला आला नव्हता. त्याच्याकडे कलमांची यादी होती. परमुलखातल्या एका कंपनीला महाराजांच्या राज्यात धंदा करायचा होता आणि त्याची परवानगी त्याला लेखी हवी होती.

तो गडाखाली पाचाडला पोहोचला तेव्हा महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते. मग वाट पाहणं आलं. या मधल्या काळात त्याची गाठ पडली निराजीपंतांशी. निराजीपंतांनी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि महाराजांकडे शब्द टाकण्याचं आश्वासन दिलं. कंपनीच्या बाजूनं बोलणी करायला दुभाषा होता नारायण शेणवी, म्हणजे आपल्याच भाषेतला माणूस. गोऱ्या कंपनीला रायगडावर तोंड होतं ते नारायण शेणव्याचं. राज्याभिषेकाच्या दिवशी, ६ जून १६७४ ला, दरबारात ऑक्झेंडननं लवून मुजरा केला आणि महाराजांना द्यायची हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखवली ती शेणव्यानंच.

जाता जाता एक गंमत सांगतो, ती ऑक्झेंडनच्याच हकिकतीतली आहे. इंग्रजांच्या मुक्कामात त्यांना मटण पुरवणारा एक म्हातारा खाटीक होता. एवढं मटण इतक्या थोड्या दिवसांत संपवणारी माणसं तरी कशी आहेत, हे बघायला तो मुद्दाम गड चढून आला. परदेशी पाहुण्यांबद्दल रायगडच्या सामान्य माणसाला काय वाटलं, याची ही नोंद मला सिंहासनाच्या वर्णनाइतकीच मोलाची वाटते.

तहाची कलमं वीस होती. त्यांतली मुख्य सांगतो. राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण इथं कंपनीला वखारी घालता याव्यात. मालावर अडीच टक्के जकात असावी. राजापूरच्या नुकसानीबद्दल दहा हजार होनांची भरपाई मिळावी. यातलं बरंचसं मान्य झालं. बोलणी अडली ती दोन कलमांवर, आणि माझ्या मते सगळा प्रसंग कळतो तो या दोन कलमांतून.

एक होतं नाण्याचं. मुंबईत पाडलेलं कंपनीचं नाणं महाराजांच्या राज्यात चालावं, अशी मागणी होती. महाराजांचं उत्तर साधारण असं होतं, की इंग्रजांच्या नाण्याला मी मज्जाव करत नाही, पण जे घेऊन रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्या असा हुकूमही मी करणार नाही. वजनाला आणि कसाला मोगली नाण्याच्या बरोबरीचं असेल तर लोक आपणहून घेतील. आज युरोपात पाय ठेवणाऱ्या बाहेरच्या पेमेंट कंपनीला इथला नियामक जे सांगतो, त्यात आणि यात फार अंतर नाही.

दुसरं होतं फुटलेल्या जहाजांचं. किनाऱ्यावर कंपनीचं किंवा तिच्या लोकांचं जहाज फुटलं तर माल परत मिळावा, असं इंग्रजांना हवं होतं. कोकणच्या जुन्या रिवाजानं फुटलेल्या जहाजावर हक्क राज्यकर्त्याचा. इथंही महाराजांची हरकत तत्त्वाची होती. एकाला ही सूट दिली की उद्या फ्रेंच आणि डच तीच मागणार. तुम्ही कुठल्याही देशाच्या कंपनी-नोंदणीचं काम जवळून पाहिलं असेल, तर हे वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटेल. अधिकाऱ्याला समोरच्या एका अर्जाची भीती नसते, त्याच्यामागून येणाऱ्या शंभर अर्जांची असते.

ऑंजिअरला आणखी एक गोष्ट हवी होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी महाराजांनी समेट करावा, म्हणजे समुद्र शांत राहील. त्याला महाराजांनी साफ नकार दिला. व्यापाराची परवानगी मागणाऱ्यानं राज्याच्या युद्धनीतीत पडू नये, असा त्याचा अर्थ. ऑक्झेंडन तह घेऊन मुंबईला परतला. भरपाईच्या वसुलीसाठी इंग्रजांना पुढेही बरेच खेटे घालावे लागले. वसुलीच्या बाबतीत साडेतीनशे वर्षांत जग फारसं बदललेलं नाही!

चाळीस वर्षांनी, १७१५ मध्ये, या सगळ्या अनुभवाचा अर्क एका ग्रंथात उतरला. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं आज्ञापत्र तुम्ही ऐकलं असेल, निदान किल्ल्यांच्या आणि झाडांच्या संदर्भात. त्यात सावकारांवर एक प्रकरण आहे आणि त्यात टोपीकरांचा, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांचा वेगळा विचार आहे. अमात्यांचं म्हणणं असं, की हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या मागे राजे आहेत. त्यांना व्यापाराला येऊ द्यावं, पण वखारीला जागा द्यायचीच तर ती समुद्रकाठी किंवा किल्ल्याजवळ देऊ नये. आत, वस्तीच्या गावात, जिथं आपली नजर राहील अशा ठिकाणी द्यावी आणि पक्की मजबूत इमारत बांधू देऊ नये. मला हे पान वाचताना नेहमी वाटतं, की परदेशी गुंतवणुकीच्या धोरणाचा मराठीतला पहिला मसुदा तो हाच. आपल्या व्यवस्थापनशाखेच्या अभ्यासक्रमात तो का नाही, कोण जाणे.

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. परवानगी मागणारी कंपनी स्वतःच राज्यकर्ती झाली. त्यावर आज बोलत नाही, कारण मला दुसऱ्या एका विचित्र वळणाकडे जायचंय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटिश हिंदुस्थानात कंपन्यांची नोंदणी कायद्यानं सुरू झाली. १८५० चा कायदा, मग १८५७, १८६६, १८८२ असे कायदे होत गेले. शेवटी आला १९१३ चा इंडियन कंपनीज ॲक्ट, तो १ एप्रिल १९१४ पासून लागू झाला. त्याच्या २७७ व्या कलमात बाहेरच्या कंपन्यांची सोय होती. जी कंपनी ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर नोंदली गेली आहे आणि इथं धंद्याची जागा उघडते, तिनं आपली सनद किंवा घटना, संचालकांची यादी आणि इथं नोटीस स्वीकारणाऱ्या माणसाचं नाव-पत्ता रजिस्ट्रारकडे द्यायचा.

शब्द नीट ऐका, 'ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर'. लंडन, हॅम्बुर्ग, न्यूयॉर्क हे बाहेर, हे उघड आहे. पण संस्थानं? कायद्याच्या दृष्टीनं बडोदं, हैदराबाद, म्हैसूर हे ब्रिटिश हिंदुस्थान नव्हतं. सयाजीराव गायकवाडांनी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा सुरू केली, ती बडोदे संस्थानच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली. १९१० मध्ये तिची शाखा अहमदाबादला उघडली. बडोदं ते अहमदाबाद हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. भाषा तीच, गिऱ्हाईक तेच, रेल्वेनं सकाळी निघून दुपारी हजर. पण अहमदाबाद मुंबई इलाख्यात होतं. १९१३ च्या कायद्याची व्याख्या लावली तर मराठी राजानं काढलेली ही बँक अहमदाबादेत परदेशी कंपनीच ठरत होती.

ही व्याख्या उगाच किचकट वाटेल, पण तिच्यामागे तोच प्रश्न होता, की पैसे बुडाले तर धरायचं कोणाला? ठेवीदार अहमदाबादचा, न्यायालय ब्रिटिशांचं आणि बँकेचे कागद गायकवाडांच्या दप्तरात. १ मे १९४९ रोजी बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं आणि ही सीमारेषाही मिटली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं आपल्याच देशात इतक्या सीमा ओलांडून धंदा केला, हे आपण विसरून जातो.

कॅनडात राहणाऱ्या श्रोत्यांना हा प्रकार जुना वाटणार नाही. तिथं आजही एका प्रांताची कंपनी दुसऱ्या प्रांतात गेली की बाहेरची म्हणून नोंद करावी लागते. त्यावरचा एक गाजलेला खटला नांगराचा आहे. जॉन डिअर प्लाऊ या कंपनीला कॅनडाच्या केंद्र सरकारनं देशभर धंदा करायची सनद दिली होती. ब्रिटिश कोलंबियाच्या रजिस्ट्रारनं परवाना नाकारला, कारण त्याच नावाची एक कंपनी त्याच्या वहीत आधीच होती. परवाना नाही म्हणून कंपनीला तिथल्या न्यायालयात आपल्या पैशांसाठी दावा लावता येईना. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९१४ साली निकाल लागला, की केंद्रानं जन्माला घातलेल्या कंपनीचे अधिकार प्रांताला असे गोठवता येणार नाहीत. पण मधल्या काळात नांगर विकून पैसे अडकले ते अडकलेच. भारताच्या आजच्या कायद्यातही हा काटा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नोंदणी न केलेल्या परदेशी कंपनीनं केलेला करार रद्द होत नाही. समोरचा तिच्यावर दावा लावू शकतो, पण नोंदणीची पूर्तता होईपर्यंत तिला स्वतःला दावा लावता येत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ.

गार्चिंग म्हणजे एकेकाळी म्युनिकच्या उत्तरेचं शेतीचं गाव. १९५७ मध्ये इथं संशोधनाची अणुभट्टी उभी राहिली, तिचा अंड्याच्या आकाराचा घुमट शहराच्या मानचिन्हातही आहे. १९९० मध्ये गार्चिंगला शहराचा दर्जा मिळाला, २००६ मध्ये यू-६ थेट संशोधन केंद्रापर्यंत आली आणि त्यानंतर आपल्यासारखी माणसं. आज यू-६ मध्ये सकाळी कानडी, तमिळ, मराठी सगळं ऐकू येतं. पण इथं कंपनी थाटायची तर दप्तर गार्चिंगमध्ये नाही. राटहाऊसमध्ये फक्त गेवेर्बेची नोंद होते. कंपन्यांची खरी वही, हांडेल्सरेगिस्टर, असते न्यायालयाकडे, आपल्यासाठी म्युनिकच्या आम्ट्सगेरिष्टकडे. भारतात रजिस्ट्रार हा सरकारी अधिकारी असतो, जर्मनीत हे काम न्यायालयाचं. हा फरक जर्मन व्यापारी कायद्याच्या १८६१ च्या संहितेपासून चालत आला आहे. तेव्हा जर्मनी नावाचं एक राज्य अस्तित्वातही नव्हतं. बायर्न वेगळं, प्रशिया वेगळं. सगळ्यांनी एकच संहिता आपापल्या घरी लागू केली, म्हणजे व्यापाऱ्यांसाठी कायदा आधी एक झाला आणि देश दहा वर्षांनी. १ जानेवारी १९०० पासून आजची व्यापार संहिता, म्हणजे हांडेल्सगेझेट्सबुख, लागू आहे.

या जर्मन परंपरेत एक हट्ट होता आणि आपल्या मित्राचा प्रश्न तिथं येऊन अडतो. जर्मन न्यायालयं म्हणत, की कंपनीचा जन्मदाखला कुठलाही असो, तिचा मेंदू कुठं आहे ते सांगा. रोजचे निर्णय जिथं घेतले जातात तोच तिचा मुलूख आणि तिथलाच कायदा तिला लागू. कायदेपंडित याला झिट्झथिओरी म्हणतात, आपण 'बैठकीचा सिद्धान्त' म्हणू. कंपनी दुसरीकडे नोंदली आणि बैठक इथं मांडली, तर इथल्या कायद्यानं ती कंपनी जन्मलेलीच नाही.

हा हट्ट मोडला तो एका रंगकामामुळे. युबरझेरिंग नावाच्या एका डच कंपनीनं १९९० मध्ये ड्युसेलडॉर्फला जमीन घेतली आणि तिथल्या गॅरेज व मोटेलच्या दुरुस्तीचं काम दिलं. रंगकाम सदोष निघालं म्हणून तिनं ठेकेदारावर दावा लावला. दरम्यान कंपनीचे सगळे शेअर ड्युसेलडॉर्फच्याच दोन रहिवाशांनी विकत घेतले होते. न्यायालय म्हणालं, आता तुमची बैठक जर्मनीत आली, तुम्ही डच कंपनी म्हणून इथं अस्तित्वातच नाही, मग दावा कोण लावतंय? प्रकरण लक्झेम्बर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं आणि ५ नोव्हेंबर २००२ रोजी निकाल आला, की युरोपीय संघातल्या एका देशानं जन्माला घातलेली कंपनी दुसऱ्या देशाला मान्य करावीच लागेल. त्याआधी १९९९ मध्ये सेंट्रोस नावाच्या डॅनिश प्रकरणात दार किलकिलं झालंच होतं.

मग काय, झुंबडच उडाली. जर्मन गेएमबेहा काढायला २५,००० युरो भांडवल लागतं, इंग्लंडची लिमिटेड एका पौंडात निघत होती. हजारो जर्मन न्हाव्यांनी, सुतारांनी, आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांनी ब्रिटिश लिमिटेड काढली आणि तिची जर्मनीत शाखा नोंदवली. इंग्लंडमध्ये कंपनीचं काहीच नसायचं, फक्त एक टपालपेटी. जर्मन सरकार वरमलं आणि १ नोव्हेंबर २००८ पासून एक युरोत निघणारी छोटी गेएमबेहा कायद्यात आली, ती ऊगे म्हणून तुम्हाला माहीत असेल.

आणि मग ब्रेक्झिट. ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला. त्या रात्रीपर्यंत ज्या लिमिटेडची बैठक जर्मनीत होती, तिच्या डोक्यावरचं युरोपीय छत्र सकाळी नाहीसं झालेलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या म्युनिकच्याच वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयानं सांगितलं, की अशा कंपनीला आता पुन्हा बैठकीचा सिद्धान्त लागू होतो. ती पूर्ण नाहीशी होत नाही, पण लिमिटेड राहत नाही. मालक एक असेल तर तो साधा एकटा व्यावसायिक, अनेक असतील तर भागीदारी. 'मर्यादित जबाबदारी' हे शब्द गेले. कर्ज कंपनीचं होतं, ते आता घरच्या बँकखात्यापर्यंत येऊ शकतं.

आता आपल्या मित्राकडे परत बघा. भारत युरोपीय संघात नाही. त्याची पुण्याची प्रायव्हेट लिमिटेड खरोखर पुण्यातून चालत असेल, निर्णय तिथले डायरेक्टर घेत असतील, तर जर्मनी तिला मान्य करतं आणि ती इथं रीतसर शाखा उघडू शकते. पण भाऊ आणि मेव्हणा फक्त सहीपुरते असतील आणि सगळे निर्णय रात्री दहानंतर गार्चिंगच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होत असतील, तर धोका आहे. उद्या गिऱ्हाइकानं मोठ्या नुकसानीचा दावा लावला, तर न्यायालय म्हणू शकतं, की ही पुण्याची लिमिटेड नाहीच, तुम्ही स्वतःच आहात. त्यात घरही आलं. जीएसटीचं बिल, पुण्याचा पॅन, छान लेटरहेड यातलं काही तिथं कामी येत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच प्रकाराची, कारण आपल्याकडे तो फार सहज घडतो आणि कुणाच्या मनात लबाडीही नसते.

शाखा काढायची ठरवलीत तर काम कसं चालतं, ते थोडक्यात सांगतो. शाखा दोन प्रकारची. नुसतं कार्यालय असेल, स्वतंत्र कारभार नसेल, तर राटहाऊसमधली गेवेर्बेची नोंद आणि फिनान्झआम्टचे फॉर्म. स्वतंत्रपणे करार करणारी, स्वतःचा प्रमुख असलेली शाखा, म्हणजे त्स्वाइगनीडरलासुंग, असेल तर व्यापार संहितेच्या १३ड पासूनच्या कलमांप्रमाणे हांडेल्सरेगिस्टरमध्ये नोंद. त्यासाठी नोटारकडे जावं लागतं, तोच अर्ज प्रमाणित करून न्यायालयाकडे इलेक्ट्रॉनिक मार्गानं पाठवतो. कंपनी अस्तित्वात असल्याचा पुरावा, तिची घटना, डायरेक्टरांचे अधिकार, या सगळ्याचं जर्मन भाषांतर आणि जर्मनीतला एक पत्ता लागतो. बघा, रायगडावर विचारले गेले असते तेच प्रश्न.

इथं एक खाचखळगा आहे, त्यात अनेकांचे महिने गेले आहेत. भारत २००५ मध्ये अपोस्टिल कराराचा सदस्य झाला. म्हणून लोक दिल्लीहून अपोस्टिलचा शिक्का मारून कागद आणतात आणि निर्धास्त होतात. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीनं हरकत घेतली, त्यामुळे त्या शिक्क्यावर इथं काम होत नाही. कागद कसे सिद्ध करायचे हे विमानात बसण्यापूर्वी नोटारला विचारा, नंतर नाही. आणि ब्लू कार्डावर असाल तर स्वतंत्र व्यवसायाची परवानगी हा वेगळाच विषय आहे. तो आउसलेंडरबेहोर्डेकडे आधी मिटवा.

मोठ्या कंपन्या बहुधा शाखेच्या वाटेला जात नाहीत. त्या इथलीच कंपनी घेतात किंवा नवी काढतात. पुण्याच्या भारत फोर्जनं २००३-०४ मध्ये एनेपेटालची, दिवाळखोरीत गेलेली कार्ल डान पेडिंगहाऊस विकत घेतली. फोर्जिंग तेच, कामगार तेच, मालक मुंढव्याचा. तिथं 'तुम्ही इथं अस्तित्वात आहात का' हा प्रश्नच उरत नाही, कारण कंपनी जन्मानंच जर्मन. तुमच्याकडे भांडवल असेल तर इथली ऊगे किंवा गेएमबेहा आणि तिचा पुण्याशी सेवाकरार, ही वाट मला स्वतःला शाखेपेक्षा स्वच्छ वाटते. हे मत आहे, सल्ला नव्हे.

आपल्या शेजारच्या इएसओचं काय, असं कुणीतरी विचारेलच. युरोपीय दक्षिणी वेधशाळेचं मुख्यालय १९८० पासून गार्चिंगमध्ये आहे आणि दुर्बिणी चिलीमध्ये. पण ती कंपनी नाही. १९६२ मध्ये काही देशांनी करार करून तिला जन्म दिला, १९६३ मध्ये चिलीनं वेगळा करार करून तिला आपल्या डोंगरांवर जागा दिली. नोटार नाही, रेगिस्टर नाही. राज्यांनी राज्यांशी बोलून केलेली व्यवस्था, ऑक्झेंडनच्या तहाच्या जातीची. आपल्यासारख्यांना ती वाट उपलब्ध नाही, हे सांगायला नको.

शेवटी उलट्या दिशेचं एक कलम सांगतो, मला ते फार आवडतं. गार्चिंगची एखादी गेएमबेहा उद्या पुण्यात कार्यालय उघडेल तेव्हा तिला तीस दिवसांत भारतातल्या रजिस्ट्रारकडे कागद द्यावे लागतील, नोटीस स्वीकारणारा भारतात राहणारा माणूस नेमावा लागेल, म्हणजे आजचा नारायण शेणवी. आणि २०१३ च्या कायद्याच्या ३८२ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक कार्यालयाबाहेर कंपनीचं नाव आणि ती कुठल्या देशात नोंदली आहे, हे इंग्रजीबरोबर त्या भागातल्या प्रचलित भाषेच्या लिपीतही ठळक लिहावं लागेल. पुढच्या सुट्टीत हिंजवडीला किंवा चाकणला गेलात, तर जर्मन कंपन्यांच्या फाटकांवर देवनागरीतला 'गेएमबेहा' कोणी कसा लिहिलाय, ते बघा. फोटो काढलात तर आम्हाला पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.